सहाजणांचा सर्व्हर

करंजा बंदरात काशीराम मिस्त्रीला ओळखत नाही असा माणूस नव्हता. ट्रकचं जुनं इंजिन होडीत बसवून द्यावं तर त्यानंच. त्याचा मुलगा जीवन सुट्टीच्या दिवशी कानस घेऊन शेजारी बसायचा. एखादा भाग आत जाईना, की काशीराम म्हणायचा, "घास." जीवन घासायचा, भाग बसायचा, होडी पाण्यात जायची. न बसणारी वस्तू घासली की बसते, हे त्याच्या हाताला पाढ्यांआधी कळलं होतं.

पुढे त्याला पनवेलजवळच्या कंटेनर यार्डात कारकुनी मिळाली, लाइन आळीत भाड्याची खोली मिळाली आणि कॉम्प्युटरचा नाद लागला. पावसाळ्यात मासेमारी बंद असली, की त्याचा बालमित्र परेश बोटीवरच्या पाच खलाशांना घेऊन एसटीने पनवेलला यायचा. सुमतीताईंच्या सायबर कॅफेत सहा खुर्च्या अडवून ते गोळीबाराचा खेळ खेळायचे. आरडाओरडा असा, की समोरचा पानवालाही स्कोअर विचारायचा.

दोन हजार अकरा साली मात्र ऐन मासेमारीबंदीत कॅफेचा सर्व्हर बंद पडला. सहाही कॉम्प्युटरना एका खेळात बांधून ठेवणारं यंत्रच गेलं.

"आता नवीन नाही घेणार रे," सुमतीताई म्हणाल्या. "गणपतीनंतर इथे झेरॉक्स टाकतेय मी."

नारळी पौर्णिमेला जेमतेम आठवडा होता. त्यानंतर बोटी निघणार, आणि पुढच्या बंदीत इथे झेरॉक्सची मशीन असणार. म्हणजे खेळायचं ते आत्ताच.

"सर्व्हर मी घरी बांधतो," जीवन म्हणाला.

"तू?" परेश हसला. "तुझ्या मोबाइलचं मागचं झाकण रबरबँडने बांधलंय, ते आधी बघ!"

जीवनला ते लागलं. आनंदा नावाच्या माणसाचं कॉम्प्युटरच्या जुन्या सामानाचं दुकान होतं, तिथून त्याने प्रोसेसरसकट एक मदरबोर्ड उचलला. मेमरी दुसऱ्या दुकानातून घेतली, नवी कोरी. घरी आल्यावर दिसलं, की मेमरीच्या पट्टीची खाच बोर्डावरच्या उंचवट्यापासून जराशी सरकलेली आहे. जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. दुसरा कुणी असता तर पट्टी परत करून आला असता. जीवनने कानस काढली.

पट्टी बसली. अगदी झोकात बसली. बटण दाबलं, बारीक चट् झालं आणि खोलीत जळका वास पसरला.

दुसऱ्या दिवशी काशीराम इंजिनाचे सुटे भाग घ्यायला पनवेलला आला आणि वाटेत मुलाकडे डोकावला.

"बाला, वास कसला येतोय?"

जीवनने सगळं सांगितलं. काशीरामने ती पट्टी चष्म्याजवळ धरली, घासलेल्या जागेवरून नख फिरवलं.

"मापं किती दिस घेतलीस?"

"मापं कसली, बाबा? तुम्हीच तर घासायला सांगायचात."

"आरं, घासायच्या आधी आठ दिस मी नुसती मापं काढतो. ताकद किती, फेरे किती, कुठला शाफ्ट पेलेल. नाय जुळलं तर इंजिनच परत देतो. तवा तू शालेत असायचास. तू आलास तो घासायच्या दिवशी."

बापाचं अर्धंच काम आपण आजवर पाहिलं होतं, हे जीवनला कधी जाणवलंच नव्हतं.

दोघे आनंदाच्या दुकानात गेले. या वेळी जीवनजवळ कागद होता. प्रोसेसर कुठला, मेमरी कुठल्या पिढीची, वीज किती लागेल, सगळं उतरवलेलं. आनंदाने एक बोर्ड पुढे केला. जळक्या बोर्डावरून काढून आणलेला प्रोसेसर त्यात अलगद बसला.

"बसतो," काशीराम म्हणाला, "पण चालतो का?"

"काका, तुम्ही काय कॉम्प्युटर शिकलात?" आनंदा हसला. पण त्याने इंटरनेटवर त्या बोर्डाची यादी काढली, आणि हसू मावळलं. जागा तीच असली तरी तो बोर्ड त्या प्रोसेसरला ओळखतच नव्हता. चौथा बोर्ड सगळ्या ओळींना जुळला. त्याला चालणारी मेमरी आनंदाने फळीवरच्या डब्यातून शोधून काढली. काशीराम आपले भाग घ्यायचे विसरला तो विसरलाच.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन वाजता, सर्व्हर सुमतीताईंच्या टेबलावर सुरू झाला. सहाही नावं पडद्यावर एकाखाली एक उमटली. परेश पहिल्या पाच मिनिटांत तीनदा मेला.

"सर्व्हरच खोटा बांधलाय यानं!" तो ओरडला.

"सर्व्हर खरा आहे, नेम खोटाय तुझा," जीवन म्हणाला. तो स्वतः खेळला नाही. पंख्याचा आवाज ऐकत, बोर्डाजवळ हात नेऊन ऊब तपासत बसला.

सव्वापाचला परेशच्या बोटीच्या प्रमुखाचा, तांडेलाचा, फोन आला, बोटीत बर्फ भरायला या म्हणून. खलाशी एकेक करून उठले. जाताना परेशने जीवनच्या पाठीत धपका मारला. काहीतरी बोलायचं होतं बहुतेक, पण एसटी चुकली असती.

पडद्यावरची नावं गळत गेली. सहा, चार, एक. मग शून्य. सुमतीताईंनी अर्धं शटर ओढलं तरी जीवन उठला नाही. पडद्यावर एकच ओळ राहिली होती, खेळाडूंची वाट पाहतोय अशा अर्थाची, आणि सर्व्हर बिनतक्रार चालत होता.

"बंद करू का रे?" सुमतीताईंनी विचारलं.

"चालू दे ना थोडा वेळ," जीवन म्हणाला.