फोटोतली डावी बाजू

जन्मापासून माझा डावा खांदा लुळा. आम्ही लिंगायत, इष्टलिंग डाव्या तळहातावर डोळ्यांपुढं धरून पूजा करायची. माझा हात पोटाच्या वर यायचा नाही, म्हणून मी भावंडांकडं पाठ करून बसायचे.

सहावीत खांद्याचा सांधा जोडून टाकायचं ऑपरेशन ठरलं. नांदेडच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "जोडलेला खांदा कायम तसाच राहील. हात कुठवर यायला हवा?"

मी उजव्या हातानं डावा उचलून डोळ्यांपुढं धरला. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, तो खाली ओढला. "सरळ लोंबू द्या, साहेब. ओढणीत दिसणार न्हाई."

डॉक्टरांनी माझं ऐकलं.

पूजा आता नीट होते, पण हात अंगापासून फटकून राहतो. लग्नाकार्यात फोटो निघताना आप्पा लगबगीनं माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहतात. लोक म्हणतात, बापाची किती माया! मी खाली बघते.