‘कधीच नाही’वर खूण: घाटंजीच्या दोन दिवसांत चुकलेला कागद

घाटंजीला गेले ते माझ्या प्रबंधाच्या गाइड सरांनी पाठवलं म्हणून. मी नागपुरात फिजिओथेरपी शिकते. ऑपरेशन झेपेल का हे ठरवण्यासाठी म्हाताऱ्या माणसांचं हृदय आणि फुप्फुसं किती दमदार आहेत, हे नुसत्या प्रश्नांवरून ताडणारी एक इंग्रजी प्रश्नावली आम्ही मराठीत आणली होती. ती खेड्यात खरी ठरते का, ते तपासायचं होतं.

वर्धामार्गे यवतमाळ, तिथून घाटंजीची एसटी. बायकांना अर्धं तिकीट. मुक्काम यवतमाळलाच करा, आणि स्टँडबाहेरचे तर्रीपोहे खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र कापसाची वेचणी चालू होती.

घाटंजीपुढच्या गावात पहिलं दार शेवंताबाईंचं. सत्तरी ओलांडलेल्या, काटक. “जयभीम बाई, या,” म्हणत त्यांनी चहा टाकला. त्यांना पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं.

मी वाचलं, “आठवड्यातून किती वेळा मध्यम तीव्रतेची शारीरिक क्रिया करता?”

“कोन्ती किर्या? काय पुसून राह्यली तू?”

“म्हणजे व्यायाम. सकाळचं फिरणं.”

“फिराले टाइम कोनाले हाय, बाई?”

मी ‘कधीच नाही’वर खूण केली. पुढचीही उत्तरं तशीच. हिशेब आला: क्षमता अत्यंत कमी.

मग पडताळा म्हणून शाळेच्या मैदानात सहा मिनिटं चालायची चाचणी. शेवंताबाई पदर खोचून निघाल्या, त्या सुनेच्या तक्रारी सांगत सांगतच. मीच मागे पडले.

“झालं? एवढंच?” त्या म्हणाल्या. “मी त रोज दोन कोस वावरात जातो, येताना डोक्शावर गठोडं रायते.”

“मग मघाशी सांगितलं का नाही?”

“तू पुसलं कुठी?”

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. ते भाषांतर मीच केलं होतं, पंख्याखाली, शब्दकोश उघडून.

दुसऱ्या दिवशीही बायाबापड्यांचं तेच: कागदावर कमी, चालण्यात दमदार. सरांना फोन केला.

“ते फॉर्म वगळ,” सर म्हणाले. “आकडे बिघडतात.”

“सर, उद्या हाच कागद बघून कुणी यांचं ऑपरेशन नाकारेल!”

“तू प्रबंध पूर्ण कर. समाजसेवा नंतर.”

परतीच्या बसमध्ये माझा राग मावत नव्हता. सरांवर, आणि त्यांच्या बरोबरीने स्वतःवर. माणसं चुकली नव्हती, कागद चुकला होता. वगळायचं मात्र माणसांना!

नागपूरला पोचताच सगळे फॉर्म जोडून, भाषांतर चुकल्याचं आणि फॉर्म वगळायला सांगितल्याचं पत्र कॉलेजच्या संशोधन नीतिसमितीला दिलं. समितीने तो अभ्यास थांबवला. सर समोरून आले तरी बोलत नाहीत. वर्ष वाया गेलं म्हणून घरचे हळहळतात. माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असंही वाटत नाही.

नवीन गाइड मॅडमनी मला पुन्हा त्या गावात पाठवलं, या वेळी कोरा कागद घेऊन. पारावर बसलेल्या बायांना विचारलं, दम किती आहे हे तुम्ही कसं ओळखता? एकीने क्षणात सांगितलं आणि मी ते नव्या कागदावर पहिला प्रश्न म्हणून जसंच्या तसं उतरवलं:

“गठोडं घेऊन चालताना बोलनं तुटते का?”