जीपला लावलेलं घाण्याचं तेल

गाडीच्या एअर फिल्टरवर मी तासभर सलग बोलू शकतो, आणि ते ऐकायला आमच्या घरात कुणीही थांबत नाही.

मी बिबवेवाडीत राहतो, सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवतो आणि एवढ्या प्रवासासाठी मी जुनी जीप घेतली आहे. (खड्ड्यांचं कारण बायकोला लगेच पटलं होतं.) त्यात माझ्या पुतणीचं, मुग्धाचं, लग्न ठरलं. साखरपुडा मुलाकडच्यांच्या घरी, शहराबाहेर शेतात. शेवटचा सगळा रस्ता म्हणजे नुसता फुफाटा! मी जाहीर करून टाकलं, "नवरी माझ्या जीपमधून येईल. तुमच्या गाड्यांना ती धूळ झेपायची नाही."

दादा, म्हणजे मुग्धाचे वडील, एवढंच म्हणाले, "मुहूर्ताला पोचव म्हणजे झालं."

मग मी नाना पेठेत फिल्टर आणायला गेलो.

"कागदी घ्या," दुकानदार म्हणाले. "धूळ तोच चांगली अडवतो."

"धुळीत कागद? मला कापडी हवा, तेल लावायचा. धुऊन पुन्हा वापरता येतो. मी वाचलंय सगळं."

"मग त्याचं वेगळं तेल येतं ते न्या. तेही बेताने लावा."

"मला शिकवू नका."

"छे हो. शिकवायला हा काय क्लास आहे?"

हे लागलं. मी कापडी फिल्टर उचलला आणि तडक बाहेर पडलो. तेल राहिलंच! पण परत जाऊन मागणं मानी माणसाला कसं जमावं? घरी शुभदाचं, म्हणजे बायकोचं, लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल होतं. शुद्ध, दाट, वर हृदयाला चांगलं (असं तीच म्हणते). हृदयाला चांगलं ते इंजिनाला वाईट कसं असेल? मी फिल्टरला अभ्यंगस्नानच घातलं.

संध्याकाळी शुभदाने अर्धी झालेली बरणी पाहिली आणि माझ्या आईला विचारलं, "आई, डॉक्टरांनी तुमचं तळण बंद केलंय ना?"

"मी हातसुद्धा लावला नाही गं," आई म्हणाली. शुभदाचा काही विश्वास बसला नाही. मी पेपर वाचत होतो. तो पेपर मी जरा आणखी वर धरला, याची मला आजही लाज वाटते.

साखरपुड्याला मी जीपला झेंडूच्या माळा बांधल्या. शेजारी शालू नेसलेली मुग्धा, मागे आई आणि शुभदा. बाकीच्या गाड्या कधीच पुढे गेल्या होत्या. डांबरी रस्ता संपला, फुफाटा सुरू झाला, आणि थोड्याच वेळात जीप गचके खात, काळा धूर सोडत थांबली.

"कुठेतरी भजी तळतायत," मुग्धा म्हणाली.

आजूबाजूला उसाशिवाय काही नव्हतं. मी बॉनेट उघडलं. तेल आणि धूळ मिळून फिल्टरवर घट्ट पिठलं झालं होतं! शुभदा खाली उतरली आणि तिने एकदाच वास घेतला.

"हे माझं घाण्याचं तेल आहे."

"थोडंसंच घेतलं होतं..."

आई जागेवरूनच म्हणाली, "माझं तळण बंदच आहे हो. गाडीचं चालू असेल."

शुभदाने आईची माफी मागितली. ती खरं तर मी मागायची होती, पण मी बॉनेटच्या आत तोंड घालून उभा होतो. मुग्धाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, मुहूर्त जाईल ना..."

शेवटी शुभदाने दादाला फोन केला आणि मुलाचे वडील स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांनी जीपला दोर बांधला. "बसा निवांत, पाव्हणं. वढून नेतो." ट्रॅक्टर पुढे, आम्ही मागे. त्याची सगळी धूळ थेट आमच्या अंगावर. मुग्धाने पदर तोंडावरून ओढून घेतला, मला पदर नव्हता. केस, मिशा, भुवया, सगळं पांढरंफेक झालं. मुहूर्त तर वाटेतच टळला.

गावातल्या वळणावर ट्रॅक्टर हळू झाला. माळा लावलेली गाडी पाहून एक आजी कौतुकाने पुढे आल्या. त्यांनी आधी मुग्धाला पाहिलं, मग मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"पोर सोन्यासारखी हाय. पण नवरा लईच थोराड गाठलाय की."

"आजे, ह्यो नवरीचा चुलता हाय," मुलाचे वडील ट्रॅक्टरवरून ओरडले.

ते ऐकून आजींनी ज्या समाधानाने कपाळावरचा हात खाली घेतला, तेवढं समाधान त्या दिवशी मी दुसऱ्या कुणालाही देऊ शकलो नाही.