हो मॅडम मिळाला

माझी माय अंगणवाडी सेविका आहे. तिच्या फोनने एकदा तिच्या नावावर खोटं सांगितलं. ते सांगायला फोनला मीच शिकवलं होतं, म्हणून हे मी लिहिते आहे.

आमचं गाव प्रकाशा या गावापासून जवळ, तापीच्या काळ्या जमिनीतलं. आमच्या घरी पपई आणि केळी आहे. गावाच्या टोकाला भिल्लांची वस्ती आहे आणि तिथल्या बाया आमच्याच शेतात मजुरीला येतात. मायच्या अंगणवाडीतली जवळजवळ सगळी मुलं वस्तीतली. गावातल्या मुलांना पिवळी बस शहाद्याच्या इंग्रजी शाळेत घेऊन जाते.

मी पत्रकांवर वाढले. सेविकांच्या संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या खाटेखाली असायचे, गुलाबी आणि पिवळ्या कागदाचे, हाताला शाई लागणारे. ‘निषेध’ हा शब्द मला ‘निबंध’च्या आधी लिहिता आला. पत्रक छापायला जाण्याआधी मसुदा आमच्या ओसरीवर मोठ्याने वाचला जायचा. दहाबारा सेविका मांडी घालून ऐकायच्या. एखादी मध्येच हात वर करायची, “हाऊ शब्द काढा. हाऊ भीक मांगाना शब्द शे.” मग त्या शब्दावर भांडण व्हायचं, चहा व्हायचा, पुन्हा भांडण व्हायचं. छापून आलेल्या प्रत्येक शब्दामागे कुणीतरी उभं असायचं. मला वाटायचं, लिहिणं म्हणजे हेच.

मग सेविकांना फोन मिळाले. मायचं बोट काचेवर उमटायचंच नाही. आयुष्यभर चूल, विळा आणि खडू धरलेलं बोट, त्याची कातडी काचेला कळायची नाही. ती दार ठोठावल्यासारखं अक्षर ठोकायची आणि शेजारचंच अक्षर उमटायचं. म्हणून ती बोलून आवाज पाठवायची. वरच्या मॅडमनी, म्हणजे पर्यवेक्षिकेने, ते बंद केलं. ग्रुपवर लिहिलं, “आवाज नको. लिहूनच उत्तर द्या. लिहिलेलं रेकॉर्डला राहतं. दहा मिनिटांत उत्तर आलं पाहिजे.” दहा मिनिटांत नाही आलं तर मॅडमचा फोन यायचा, आणि पंचवीस मुलांसमोर माय भिंतीकडे तोंड करून बोलणी ऐकायची.

त्या दिवाळीत मी नंदुरबारहून कॉलेजच्या सुट्टीला घरी आले होते. मायला ठोकाठोकी करताना पाहिलं आणि तिच्या हातातून फोन घेतला.

“माय, हाई अक्षरेस्ना वरनी पट्टी देख. तुले पुरं लिखानं काम नही. तू सुरुवात कर, पुढला शब्द तोच देस.”

“त्याले काय माहीत माले काय लिखनं शे ते?”

“तू रोज जे लिखस ते तो ध्यानमा ठेवस.”

तिने ‘हो’ दाबलं. पट्टीवर ‘मॅडम’ आलं. ते दाबलं. माय हसली, लहान मुलीसारखी हसली. “हाई ते मन्हा मनमानं वळखी लेस! तुन्हा बापले इतला वरीसमा नही जमनं.” ओसरीवर सुपारी कातरणाऱ्या बापाने वर पाहिलंच नाही.

त्या हसण्याची मला आज शरम वाटते. ‘आहे’ऐवजी आमचं ‘शे’ लिहिलं की पट्टी गप्प बसते. आमच्या घरातल्या बोलीतला एकही शब्द तिला येत नाही. येतं ते फक्त सरकारी मराठी, आणि तेही तुम्ही ज्या वाक्यात रोज मान झुकवता तेवढंच. माय दर महिन्याला आहाराची पाकिटं आली की लिहायची, “हो मॅडम मिळाला.” लिहायची कारण आहार मिळालेला असायचा. काही महिन्यांत तिन्ही शब्द पट्टीवर ओळीने यायला लागले, मधोमध, एकाच जागी. अंगठा हलवायचीही गरज नाही. तीनदा टेकवायचा. मायच्या खऱ्या महिन्यांवरून फोनने एक खोटा महिना तयार करून ठेवला होता, फक्त तो यायचा बाकी होता.

तो पावसाळ्यानंतर आला. त्या महिन्यात पाकिटं आलीच नाहीत. तीन वर्षांच्या आतल्या मुलांची आणि गरोदर बायांची पाकिटं, ज्यांवर वस्तीतल्या कितीतरी घरांची सकाळ निघते. एका दुपारी माय मुलांची वजनं करत होती. एक पोरगं काट्याच्या झोळीत लटकून रडत होतं. फोन वाजला. वजनं झाली का, असंच मॅडम विचारत असणार असं समजून तिने एका हाताने झोळी धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने, न बघता, सवयीने तीनदा टेकवून पाठवलं. वर लिहिलेलं होतं: सर्व केंद्रांना आहार पोहोचला आहे, पुष्टी द्यावी. खाली मायची पुष्टी गेली. हो मॅडम मिळाला.

तिला कळलंही नाही. कळलं ते आठवड्याने, मी घरी असताना. वस्तीतली एक म्हातारी आपल्या गरोदर सुनेला घेऊन तालुक्याला तपासणीला गेली होती. ती मुद्दाम ऑफिसात जाऊन विचारून आली होती, आमचा आहार कुठे. तिथे कुणीतरी तिला फोन काढून दाखवला: तुमच्या ताईनेच लिहिलंय, मिळाला म्हणून. म्हातारीला वाचता येत नाही. पण तिला वाचून दाखवलं गेलं, आणि तिने ते शब्द अंगणवाडीच्या दारापर्यंत जपून आणले. मागे आठदहा बाया होत्या.

“ताई, तुमना घर पपई पिकस, केळी पिकस,” म्हातारी म्हणाली. “आमना पोरेस्ना आहार खावानी येळ काबर उनी तुम्हनावर?”

मायचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. बावीस वर्षं तिने त्या वस्तीतली मुलं मांडीवर घेतली. म्हातारीची सूनसुद्धा तिच्याच हाताखाली अक्षरं गिरवलेली. माय म्हणाली, “मी नही लिखं.” म्हातारी म्हणाली, “मंग काय भूतनी लिखं?” बाया हसल्या. ते हसू माझ्या कानात अजून आहे. जमीनवाल्याच्या घरातली बाई गरिबाच्या लेकराचं खाते, हे त्यांना पटायला जड गेलं नाही, आणि का जावं? आमच्या गावाने त्यांना दुसरं काही पटवायला कधी कष्ट घेतलेत?

मायने फोन उघडला, मागे मागे सरकत गेली, आणि तिला तो दिवस सापडला. तिने तो मला दाखवला.

पाठोपाठ नोटीस आली. आहार मिळाल्याची पुष्टी देऊनही वाटप का झालं नाही, तीन दिवसांत खुलासा द्या. गाडी का आली नाही, हा प्रश्न कुणालाच विचारलेला नव्हता. लिहिलेलं रेकॉर्डला राहतं ना! न आलेली गाडी रेकॉर्डला नव्हती. मायचा अंगठा होता.

खुलासा लिहायला मी बसले. ज्या हातांनी बाईला दहा मिनिटांची दोरी बांधली, त्यांनीच तिला वाचायला वेळ ठेवला नाही, असं मी लिहिलं. हो म्हणवून घ्यायला यंत्र दिलं आणि नाही म्हणायला तोंडही ठेवलं नाही, असं लिहिलं. लिहिताना माझ्या फोनची पट्टी ‘नम्र’ दाखवत होती. पुढे ‘विनंती’. मी ‘आम्ही’ लिहिलं की ‘क्षमस्व’. मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. ही पट्टी बनवणाऱ्यांनी आमच्यासारख्यांची किती अर्जपत्रं गिळली असतील, की आम्ही तोंड उघडलं की तिला माफीच दिसते?

मायने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “भारी लिखं. पन हाई पत्रक शे, पोरी. माले खुलासा पाहिजे.”

“मंग काय लिखू? चूक तुन्ही, असं लिखू?”

“बटन मीच दाबं ना?”

“तुनी दाबं नही, माय! तुन्हाकडतीन दाबाडी लिधं!”

“तू माले इतली भोळी समजस का?” तिचा आवाज चढला. “फोननी लिखं, फोननी लिखं. ती आजी बी तेच म्हने, भूतनी लिखं. मी नही वाचं. मी न वाचता हो म्हनं. बावीस वरीस मी वाचीसन सही करी. आते बोट टेकाडानी सवय लागनी माले.” आणि नोटीस माझ्याकडे सरकवत, “ऑफिसले काय बी लिख. माले वस्तीमा काय सांगानं ते सांग.”

माझ्याकडे शब्द होते, ते सगळे ऑफिसावर फेकायचे होते. तिला नोटिशीची भीती नव्हती असं नाही, पण तिचा जीव वस्तीत अडकला होता.

दुसऱ्या दिवशी ती वस्तीत गेली. मी मागे. ती म्हातारीच्या अंगणात बसली आणि फोन तिच्या हातात दिला.

“आजी, आठे बोट टेकाड.”

म्हातारीने संशयाने पाहिलं. तिचंही बोट काचेला पहिल्यांदा कळलं नाही. तिने ते लुगड्याला पुसलं, पुन्हा टेकवलं. एकदा, दोनदा, तीनदा. मायने वाचून दाखवलं, “हो मॅडम मिळाला.” ते पाठवलं नाही, तसंच ठेवलं.

“हाई मी म्हनं?” म्हातारी म्हणाली.

“हा. आते सांग, तुले मिळना का?”

बाया पुढे सरकल्या. एकेकीने टेकवून पाहिलं. एक म्हणाली, “हाई ते मुकादमना मानूस दिखास, काय बी इचारा, हो साहेब.” या वेळी माय त्यांच्यासोबत हसली. म्हातारी मात्र हसली नाही. तिने फोन परत दिला आणि म्हणाली, “ताई, तू खाधं नही, हाई पटनं माले. पन तू आमनं नावतीन हो म्हनस, आमले न इचारता. आते आमनी पिशवी आमना हातमा पडाना आगुदर हो म्हनू नको.”

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, दहा मिनिटांबद्दल. मायने माझा गुडघा दाबला. “मी हो नही म्हनाव,” ती म्हातारीला म्हणाली.

खुलासा तिने स्वतः कागदावर लिहिला, पेनने. आहार आला नाही. मी संदेश न वाचता उत्तर दिलं, ती माझी चूक. गाडी कुठे गेली ते कृपया शोधावं. खाली वस्तीतल्या बायांचे अंगठे आणि सह्या. त्यातला ‘कृपया’ मला सहन झाला नाही आणि मी तसं बोलले. ती म्हणाली, “तुन्हा पत्रकमा नको टाकू.” पुढे मासिक बैठकीत मायने उभं राहून विचारलं, अजून कुणाकडे आहार आला नव्हता? चार हात वर झाले. चौघींनीही पुष्टी दिलेली होती. मॅडम म्हणाल्या, “यापुढे काळजी घ्या,” आणि पुढचा विषय घेतला.

गाडी खुलासा दिल्यापासून सतरा दिवसांनी आली. ड्रायव्हरने अंगणवाडीसमोर खोकी उतरवली आणि म्हणाला, “ताई, मॅसेज टाका, पुढे दोन गावं आहेत.” तेवढ्यात मायचा फोन वाजला.

“माल पोहोचला ना? लगेच पुष्टी टाका,” मॅडमचा आवाज मला बाजूला ऐकू आला.

“मॅडम, वाटप चालू आहे. झालं की टाकते.”

“वाटप नंतर करा. आधी टाका.”

“नाही मॅडम.”

मॅडम काहीतरी बोलत होत्या. मायने फोन पालथा करून खिडकीत ठेवला आणि म्हातारीच्या सुनेला हाक मारली. सून आली, सात महिन्यांचं पोट सांभाळत. पाकिटं घेतली, फाटलंय का ते उलटून पाहिलं, तारीख मायकडून वाचून घेतली, मगच पिशवीत टाकली. मग दुसरी आली. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. वस्तीतल्या बाया रांगेत उभ्या होत्या आणि त्यांतली एकही घाई करत नव्हती. माझ्या डोक्यात अजून आग होती, मला त्या हॉर्नवर दगड मारावासा वाटत होता. माय पुढचं नाव वाचत होती. शेवटी ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून सावलीत उभा राहिला.