खटक्याचं पिस्तूल

डोरीन टिबेट्स दुकानात शिरली तेव्हा ओरिन पिकेटने तिच्यासाठी तीन पिस्तुलं काचेवर मांडूनच ठेवली होती. त्यातलं एक जांभळं होतं.

"हे कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. बायका हौसेने घेतात."

"मला लिदीचा रंग बरा. माझ्या सगळ्या कपड्यांना तोच असतो. त्यात असेल तर दाखव."

खुर्चीत बसलेला म्हातारा लाइल खो खो हसला. हा लाइल रोज सकाळी ओरिनची फुकटची कॉफी प्यायला येतो, आणि गेल्या दहा वर्षांत त्याने दुकानातून एक काडतूससुद्धा विकत घेतलेलं नाही.

डोरीन बासष्ट वर्षांची. वायोमिंगमधल्या आमच्या हॅचर गावाच्या पंचक्रोशीत घोड्यांना नाल ठोकणारी एकुलती एक बाई. तिशीत तिने हे काम धरलं तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, रेक्सच्या, दोस्तांनी पैज लावली होती, की बाई वर्षभरात हे सोडून केस कापायचं दुकान टाकेल. त्यातले बरेच जण आता गुडघे बदलून घरी बसलेत, रेक्स तर देवाघरी गेला, आणि डोरीन अजून दिवसाला सहा घोड्यांचे खूर मांड्यांत धरते. हे कुणी विचारायची ती वाट बघत नाही. आपणच सांगते, आणि मोठ्याने सांगते. गावात काहींना ती आगाऊ वाटते. वाटो बापडी.

पण गेल्या ऑक्टोबरात सेज क्रीकच्या कुरणावर तिच्यावर प्रसंग आला. कुरणाचे मालक घोडा बांधून आपापल्या कामाला गेले होते, जसे नेहमी जातात. एक अनोळखी माणूस रस्ता विचारायला म्हणून थांबला, जवळ आला, आणि मागचा खूर मांडीत धरून वाकलेल्या डोरीनला त्याने सरळ ढकलून दिलं. ती घोड्याच्या पोटाखाली पडली. दोन बरगड्या गेल्या. तो तिची गाडी घेऊन पळाला; ऐरण, हातोडे, कानशी, सगळं गाडीतच होतं. सात मैल चालत ती हमरस्त्याला लागली. गाडी तीन दिवसांनी रुळांपाशी बेवारशी सापडली. अवजारं मात्र गेली ती गेलीच.

तेव्हापासून क्ले, तिचा मुलगा, तिच्या मागे लागला होता. तो असतो बिलिंग्जला. रोज संध्याकाळी फोन. "आई, एकटीने जायचं बंद कर. नाहीतर सरळ माझ्याकडे ये, खोली रिकामी आहे." ती म्हणायची, "खोलीत घोडा मावतो का?" आणि फोन ठेवायची. अख्खा हिवाळा असा भांडणात गेला. शेवटी मार्चमध्ये क्लेने तडजोड काढली. हत्यार अंगावर असेल, आणि ते आईला नीट चालवता येतं असं ओरिनने सांगितलं, तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही. ओरिन नाही म्हणाला, तर आईने एकटीने काम करणं सोडायचं. ओरिन दुकानामागच्या माळावर अर्ध्या जिल्ह्याला नेमबाजी शिकवतो, त्याच्या शब्दाला वजन आहे. डोरीनने रागाच्या भरात हो म्हटलं. म्हणजे तिची बत्तीस वर्षांची रोजी आता ओरिन पिकेटच्या जिभेवर येऊन बसली होती.

"हे घे," ओरिन म्हणाला. त्याने मॅगझिन काढलं, पिस्तुलाची वरची सरक मागे ओढून अडकवली, आत गोळी नाही हे तिला दाखवलं आणि मग हातात दिलं. तिनेही आत बघितलं, करंगळी घालून खात्री केली. इकडे सख्ख्या भावानेही दिलं तरी असंच घेतात. "याची सरक मऊ आहे. बायकांच्या हाताला झेपते."

डोरीनने ते खाली ठेवलं, शेजारचं सगळ्यात कडक उचललं आणि दोन बोटांनी सरक मागे आणली. लाइलने कॉफीचा कप खाली ठेवला.

"झेपलं," ती म्हणाली. "आता यातल्या कशाला सेफ्टीचा खटका आहे ते सांग."

ओरिनने सुस्कारा सोडला. या प्रश्नाची त्याला भीती होती. "एकालाही नाही. मुद्दामच नाही काढली. डोरीन, नीट ऐक. आणीबाणीला माणसाची अक्कल निम्मी होते. हात थरथरतात, कान बंद होतात. त्यात अंगठ्याने खटका खाली पाडायचा आणि मग चाप ओढायचा, ही दोन कामं झाली. दुसरं लक्षात राहतं, पहिलं राहत नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. चांगले चांगले गडी खटका वरच ठेवून चाप ओढत राहतात आणि पिस्तूल मुकं. चापावर बोट ठेवायचं नाही, हीच खरी सेफ्टी."

"आणि बोटाऐवजी दुसरं काही चापावर गेलं तर?"

"दुसरं काय जाणार?"

"तू कधी नाल ठोकलीयस?"

"त्यासाठी तुला बोलावतो ना मी."

"मग मला खटक्याचं दाखव."

त्याने कुरकुरत मागून चार आणली. आणि मग दुकानात जे चाललं ते लाइल अजून साभिनय करून दाखवतो. डोरीनने गाडीतून आपला कातडी एप्रन आणला, बांधला, रिकामं पिस्तूल होल्स्टरसकट कमरेला खोचलं आणि काडतुसांच्या फळीकडे पाठ करून कमरेत वाकली. लाइलच्या खुर्चीचा पाय गुडघ्यांत धरून नाल ठोकल्यासारखं केलं. लाइल खुर्चीतच होता.

"हलू नकोस," ती म्हणाली. "घोडेसुद्धा तुझ्यापेक्षा शहाणे असतात."

पहिल्याचा खटका इतका बारीक होता की कामाच्या हातमोज्यातून लागेचना. दुसऱ्याचा एप्रनच्या पट्ट्याला घासून आपोआप खाली पडला. ते तिने विंचू झटकावा तसं दूर ठेवलं. तिसरं बरगडीत रुतत होतं, आणि त्या बरगड्या अजून दुखऱ्या होत्या. चौथं काळं, चपटं, तळहातात मावणारं. त्याचा खटका टचकन वर जायचा, टचकन खाली यायचा, आणि मध्ये कुठे रेंगाळायचा नाही. तिने हात कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीत बुडवून ओले केले आणि पन्नास वेळा वरखाली केला.

"हे."

"तू विसरशील," ओरिन म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. तिची त्याला खरोखर काळजी होती, आणि म्हणूनच तो जास्त तापदायक होत होता.

"बत्तीस वर्षं मी खिळे ठोकतेय. खिळ्याचं टोक खुरातून बाहेर आलं की त्याच क्षणी हातोड्याच्या फटीत धरून मोडायचं असतं. नाहीतर घोड्याने पाय हिसकला की ते टोक माझी मांडी फाडतं. घोडा लाथा झाडत असतानाही मी एकदा विसरलेली नाही. आणि तू मला विसरायचं शिकवतोस?"

"मग पुढच्या शनिवारी माळावर ये. क्लेलाही बोलाव. दहा वेळा पिस्तूल काढायचं. मी मागून आरडाओरडा करणार, केव्हा सांगणार नाही. एकदा जरी खटका राहिला, तरी माझं उत्तर नाही."

"शंभर वेळा म्हण की."

"दहा पुरेत," ओरिन म्हणाला.

आठ दिवस डोरीनने तबेल्यात रिकामं पिस्तूल काढलं आणि ठेवलं, काढलं आणि ठेवलं. अंगठ्याला घट्टा पडला. घोडी कंटाळून तिच्याकडे पाठ करून उभी राहू लागली.

शनिवारी वारा असा सुटला होता की लक्ष्याचे कागद खिळ्यांवरून निघून कुंपणाला जाऊन चिकटत होते. क्ले पहाटे निघून आला होता. आईला मिठी मारताना त्याने बरगड्या सांभाळल्या, ते तिला आवडलं नाही. लाइल आपली घडीची खुर्ची घेऊन आला होता, कारण त्याच्यावाचून या गावात काही होत नाही.

पहिल्या पाच वेळा निर्मळ गेल्या. ओरिन ओरडला की हात कमरेला, अंगठा खाली, गोळी कागदात. क्ले मोजत होता, आणि पाचव्यानंतर त्याचा चेहरा सैल झाला. सहाव्या वेळी ओरिनने घड्याळाकडे बघत मुद्दाम वेळ काढला, लाइलशी हवामानाच्या गप्पा सुरू केल्या, आणि मध्येच पत्र्याचा डबा तिच्या पाठीमागे आपटून बोंबलला, "डोरीन! मागे!"

तिने पिस्तूल काढलं, लक्ष्यावर धरलं आणि चाप ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. मग अंगठ्याने खटका पाडला आणि गोळी गेली.

डोरीनने पिस्तूल रिकामं करून समोरच्या टेबलावर ठेवलं. तिचे कान लाल झाले होते.

"दोन सेकंद," ओरिन म्हणाला. आनंदाने नाही म्हणाला. "दोन सेकंदांत माणूस मरतं, डोरीन."

"आई," क्ले म्हणाला, "ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं. हरले. तुम्ही दोघं सांगाल त्याला सांगते की डोरीन टिबेट्स हरली." ती एप्रनची गाठ सोडायला लागली. सगळ्यांना वाटलं, संपलं. क्लेला हायसं वाटायला हवं होतं, पण आईला एप्रन असा सोडताना बघून तसं वाटेना. बापाच्या मातीच्या दिवशीही ती दुपारी कामाला गेली होती, हे त्याला आठवलं.

डोरीनने एप्रन सोडला आणि तो ओरिनच्या छातीशी नेऊन धरला.

"बांध."

"काय?"

"तुझी परीक्षा दिली. आता माझी दे. तुझा डीकन त्या कुंपणाला बांधलाय, त्याच्या मागच्या पायांना आज नाल ठोकायची होतीच. तू फक्त पाय धर. कमरेला तुझं बिनखटक्याचं पिस्तूल आहे ना, भरलेलं? राहू दे तसंच. रोज असतं तसं."

ओरिन हसला, पण बांधायला लागला, कारण लाइल बघत होता. डीकन हा अकराशे पौंडांचा आळशी घोडा. पाय उचलला की तो आपलं सगळं वजन नालबंदाच्या अंगावर टाकून डुलकी काढतो. बारा वर्षं ते वजन डोरीनने पेललं होतं. ओरिनने एप्रन आवळला, घोड्याच्या मागच्या बाजूला गेला, पाय उचलून गुडघ्यांत घेतला. डीकनने सुस्कारा सोडला आणि रेलला.

ओरिन वाकलेला होता. एप्रनचं कातडं होल्स्टरवर दुमडलं, पट्ट्याची लोंबती शेपटी आत चापापाशी गेली, घोड्याची कूस त्यावर दाबली गेली. ओरिनचा हात झटकन कमरेकडे गेला. पाय सोडून तो ताठ उभा राहिला आणि काही क्षण आपल्या कमरेकडे बघत राहिला. मग कुणी काही न सांगता त्याने कमरेचा पट्टा सैल केला, होल्स्टरसकट पिस्तूल काढलं, गाडीपर्यंत चालत गेला आणि मागच्या फळीवर जपून ठेवलं. परत आला. डीकनचा पाय पुन्हा गुडघ्यांत घेतला.

"किती पावलं झाली, क्ले?" डोरीनने विचारलं.

क्ले गाडीकडे बघत पावलं मोजू लागला.

"सेज क्रीकला बारा होती," ती म्हणाली. आता तिचा आवाज फाटला, आणि तो लपवायची तिने तसदी घेतली नाही. "तुझ्या बापाचं रिव्हॉल्व्हर होतं माझ्याकडे. तुला सांगितलं नव्हतं. त्याला खटका नव्हता, म्हणून घोड्याखाली जाताना ते मी गाडीत ठेवायचे. रोज ठेवायचे. तो माणूस मला ढकलून गाडी घेऊन गेला, तेव्हा ते आत होतं. तुझ्या बापाचं पिस्तूल घेऊन गेला तो. हा ओरिन दोन सेकंद मोजतो. मोजू दे. मी दिवसाचे आठ तास घोड्याखाली असते. ते आठ तास ज्याला माझ्या अंगावर राहता येत नाही, ते पिस्तूल माझं नाही, ते त्या चोराचं. मला हे खटक्याचं हवंय, त्यात मी विसरेन, दहात एकदा विसरेन, ते माझं मी बघेन. हरले तर हरले. काम सोडणार नाही. रागावायचं असेल तर बिलिंग्जला जाऊन रागाव."

ओरिन अजून वाकलेलाच होता. डीकन त्याच्यावर मजेत रेलला होता. ओरिनने मान तिरकी करून गाडीच्या फळीकडे बघितलं, मग क्लेकडे.

"माझं उत्तर विचारत असशील तर," तो धापा टाकत म्हणाला, "तिला जाऊ दे."

क्लेने टेबलावरचं काळं चपटं पिस्तूल उचललं, सरक मागे ओढून आत बघितलं, आणि उघड्या सरकेसकटच आईच्या हातात दिलं. तिनेही आत बघितलं.

"सोमवारी कुठे आहेस?" त्याने विचारलं.

"सेज क्रीक."

"एकटी?"

"एकटी."

तो कुंपणाला चिकटलेले कागद गोळा करायला लागला.

"काम झालं की फोन कर मग," तो म्हणाला. "मी वाट बघेन."