आठवी ‘ब’ आणि डिजिटल फळा

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. वर्गात पोरं काहीतरी बोलून जातात, मधल्या सुट्टीत ते एकमेकांना सांगितल्याशिवाय आम्हा शिक्षकांच्या घशाखाली भाकरी उतरत नाही, आणि सांगून सांगून ते पाठ होतं. शाळेत डिजिटल फळा आल्यापासून तर आमचे डबे अर्धेच राहायला लागले!

आमची शाळा हातकणंगल्याच्या पुढे, दोन्ही बाजूंना ऊस. मी तिथं विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून हा फळा दिला. भिंतीवरचा भलामोठा टीव्हीच म्हणा, बोट लावलं की चालणारा. मुख्याध्यापक चौगुले सरांनी तो आठवी ‘ब’च्या वर्गात बसवला, कारण त्या एकाच वर्गाची भिंत कोरडी होती.

पहिला धडा करायचा मान माझा. विषय पचनसंस्था. तीन रविवार घालवून मी स्लाइड्स केल्या. अन्ननलिका गुलाबी, जठर केशरी, आतडी जांभळी. अक्षरं गिरक्या घेत यायची, आल्यावर टाळ्या वाजायच्या. कोपरा रिकामा दिसतोय म्हणून मी एक फुलपाखरूही सोडलं. तास संपला तेव्हा पोरांनी खरोखरच्या टाळ्या वाजवल्या. मी तरंगतच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी विचारलं, “काल काय शिकलो?”

सगळा वर्ग एका सुरात, “फुलपाखरू!”

“बरं, आणि?”

“डावीकडनं आलं, उजवीकडं गेलं!”

“अरे, आणि जठराचं काय?”

पहिल्या बाकावरचा ओंकार उठला. “जठर दिसलं न्हाय बाई. फुलपाखरू त्येच्यावरच बसलं हुतं की!”

* * *

मी हे शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, तेव्हा सगळ्यांत जास्त हसले ते मगदूम सर. ते इतिहास-भूगोल शिकवतात. आवाज असा, की त्यांचा तास चालू असला की शेजारचे दोन वर्गही इतिहास शिकतात.

“मॅडम, फुलपाखरं-बिलपाखरं आपल्याला जमत नाहीत. माझ्या स्लाइडवर नुसता मजकूर. ठोस!”

ठोस म्हणजे एका स्लाइडवर अठरा ओळी. सर फळ्याशेजारी उभे राहायचे आणि त्या अठरा ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचे. चौथ्या दिवशी ओंकारनंच हात वर केला.

“सर, एकतर तुम्ही वाचा, न्हायतर आमाला वाचू द्या. तुमचं ऐकाय गेलं की आमची ओळ चुकतीया, आन ओळ धरली की तुमी ऐकू येईना!”

मगदूम सरांचा आवाज ऐकू येईना, असं म्हणणारा तो जगातला पहिला माणूस असेल.

सर डबा उघडता उघडता म्हणाले, “पोरगं आगाऊ आहे.” मग एक घास खाल्ला. मग म्हणाले, “पण खरं बोललं!”

* * *

मजकूर कमी केला म्हणून सरांच्या स्लाइड्स ओक्याबोक्या वाटायला लागल्या. मग त्यांनी ‘नदीचे कार्य’ या धड्याला मागून हलगी लावली. नदी डोंगरातून निघाली की हलगी हळू, धबधबा आला की जोरात.

मी म्हटलं, “सर, हलगी कशाला?”

“हलगी काढली तर नदी वाहणार कशी?”

पहिली घटक चाचणी आली. भूगोलाचा पेपर. चौगुले सर फेरी मारत आठवी ‘ब’पाशी आले आणि दारातच थांबले. आतून ठेका ऐकू येत होता. अर्धा वर्ग बोटांनी बाकावर हलगी वाजवत होता!

“काय रे, पेपर आहे का वरात?”

एक पोरगी रडवेली होऊन उठली. “सर, मी उत्तर आठवतोय वो. हलगी समदी आठवतीया, नदीच येईना!”

मगदूम सरांनी त्याच दुपारी हलगी काढली. स्वतःच्या हातानं. कुणाला न सांगता.

* * *

चाचणीचा निकाल मात्र हसण्यासारखा नव्हता. खडूवर शिकणारी आठवी ‘अ’ पुढे, आणि डिजिटल फळ्याची आठवी ‘ब’ मागे. दर वर्षी नेमकं उलटं व्हायचं. पोरं गप्प, पालक चिडलेले. ओंकार माझ्याकडे बघेना.

चौगुले सरांनी मला बोलावलं. माणूस शांत, पण ठाम. “मॅडम, फळ्यावर कापड घालूया. पोरांचं वर्ष जायला नको.”

निकाल लागल्यापासून हे वाक्य येणार हे मला ठाऊक होतं, त्यामुळे उत्तर तयार होतं. “सर, फळ्याची काही चूक नाही. चूक माझी. मी फळा भरला, पोरांचं डोकं भरलंय का ते बघितलंच नाही. एकावेळी किती मावतं याचा विचारच केला नाही. दिवाळीपर्यंत वेळ द्या.”

“आणि दिवाळीनंतर?”

“नाही जमलं तर कापड मी स्वतः घालते.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. “ठीक आहे. पण मी कापड आणून ठेवतो!”

त्या रविवारी मी भांगलणीला बसले. शेतातलं तण उपटावं तशी एकेक स्लाइड साफ करायला घेतली. फुलपाखरू गेलं. गिरक्या गेल्या, टाळ्या गेल्या. जे शिकवायचंय त्याला मदत करत नाही, ते उपटायचं, एवढा एकच नियम. सोपं वाटतं, पण तीन रविवारांचं काम एका दुपारी पुसताना हात थांबतो. जांभळी आतडी मी दोनदा पुसली आणि दोनदा परत आणली. तिसऱ्यांदा मात्र डोळे मिटून बटण दाबलं.

* * *

पुढचा धडा हृदयाचा. आता माझ्या मते काम चोख होतं. मधोमध स्वच्छ हृदय, त्याच्या भागांवर एक ते दहा आकडे, आणि आकड्यांची नावं पुढच्या स्लाइडवर ओळीनं.

पालकसभा होती, म्हणून मी हीच स्लाइड पालकांना दाखवली. मागच्या बाजूला आक्काताई बसल्या होत्या. त्यांची मुलगी आमच्या वर्गात. घरी म्हशी, पहाटे चारला उठून धार काढायची आणि दूध डेअरीला घालायचं. सभेत त्या कधी बोलत नसत. त्या दिवशी उठल्या.

“बाई, येक इचारू? रागावणार न्हाईसा न्हवं?”

“विचारा की.”

“आमच्या गोठ्यात अकरा जनावरं हायत. परत्येकीचा बिल्ला तिच्या कानात असतोय. आता म्हैस गोठ्यात आन बिल्ला देवघरात ठेवला, तर मी धार काढायची का हेलपाटं घालायचं?”

सभा हसली. मी नाही हसले. मी वही काढली आणि तिथंच लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नाव त्याच्या त्याच्या भागाला चिकटून बसलं. आकडे बाद!

* * *

मग मी घरी बघायला व्हिडिओ करायचं ठरवलं. पोरांना पाहिजे तेव्हा थांबवता येईल, मागे नेता येईल. पहिल्या व्हिडिओला मी इस्त्रीची साडी नेसले आणि सुरुवात केली, “विद्यार्थी मित्रहो, प्रस्तुत घटकामध्ये आपण प्रकाशाच्या परावर्तनाचा परामर्श घेणार आहोत.”

दुसऱ्या दिवशी विचारलं, “कुणी कुणी बघितला?”

ओंकार म्हणाला, “मी लावला बाई. आई आतनं वरडली, घरात कोण पावण्या आल्यात, च्या ठेवू का?”

त्यानंतरचे सगळे व्हिडिओ “हे बघा पोरांनो,” असे सुरू होतात.

भाषा सुधारली, पण लांबी तशीच. वीस मिनिटांचा एक व्हिडिओ मी मगदूम सरांना पाठवला आणि आठवडाभर त्यांच्या मागे लागले, “सर, बघितला का? कसा वाटला?”

शेवटी ते म्हणाले, “मॅडम, उत्तम आहे. मी तीनदा बघितला.”

मला भरून आलं. “तीनदा?”

“तीनदा. तिन्ही वेळा पहिली चार मिनिटं!”

मी चिडले नाही. घरी जाऊन त्या व्हिडिओचे चार-चार मिनिटांचे पाच तुकडे केले. एका तुकड्यात एकच गोष्ट, आणि शेवटी एक प्रश्न. उत्तर आलं तरच पुढचा तुकडा लावायचा.

दिवाळीआधीच्या चाचणीत आठवी ‘ब’ पुन्हा वर आली. फार पुढे नाही, पण वर. मी निकालाचा कागद घेऊन चौगुले सरांच्या खोलीत गेले आणि मुद्दाम विचारलं, “सर, ते कापड?”

सरांनी मान वर केली नाही. “बायकोनं उशांना खोळी शिवल्या!”

* * *

आणि ही गोष्ट महादेवीची.

महादेवी सातवीत आमच्या शाळेत आली. गाव पार दक्षिणेला, कर्नाटकाला लागून. घरी कन्नड, आईला ती अव्वा म्हणते. मराठी बोलायला मैत्रिणींकडून शिकली, त्यामुळे ‘मी येतो, मी जातो’ अशी अस्सल आमच्याकडची. वाचन मात्र अक्षराला अक्षर जोडत. मगदूम सरांच्या अठरा ओळींतली दुसरी ओळ ती लावेपर्यंत स्लाइड बदललेली असायची. वर्गात तिचा आवाज मी दीड वर्षात ऐकला नव्हता. हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची.

स्लाइड्सवरचा मजकूर मी काढला, चित्र दाखवून तोंडानं सांगायला लागले, तेव्हा एक दिवस लक्षात आलं. महादेवी खाली वहीत बघत नाही, वर बघतेय.

जानेवारीत शिक्षण विभागाचे एक साहेब शाळा बघायला आले. धडा होता विद्युत घंटेचा. फळ्यावर घंटेचं चित्र होतं, आणि कळ दाबली की आत काय काय होतं ते टप्प्याटप्प्यानं हलताना दिसत होतं. अक्षर एकही नाही.

साहेबांनी चष्मा वर केला. “मॅडम, स्लाइड अर्धवट राहिली का? माहिती कुठाय?”

मी म्हटलं, “साहेब, माहिती पोरांकडे आहे. विचारा.”

साहेबांनी विचारलं, “घंटा कशी वाजते, कोण सांगेल?” ओंकारचा हात नेहमीसारखा वर. पण साहेबांचं बोट गेलं खिडकीशेजारी. “तू सांग.”

महादेवी उठली. चौगुले सर दारात उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाकाची कड घट्ट धरली. तिच्याऐवजी मला बोलता येणार नव्हतं, आणि बोलायचंही नव्हतं.

ती पुढं आली. आवाज बारीक, पण निघाला. “कळ दाबली की वीज तारेतनं जातीया. मग आतल्या लोखंडाचं चुंबक हुतंय. ते पट्टीला वढतंय. पट्टीला बारकी हातोडी हाय, ती घंटेवर बसतीया...”

आणि ती थांबली.

साहेब फळ्यावरचं हलणारं चित्र बघण्यात गुंग होते. शांतता जाणवली तसे ते वळले.

“काय झालं बाळ? विसरलीस?”

महादेवीनं मान हलवली.

“न्हाय साहेब. तुमचं बघून हुईस्तवर थांबलोय.”

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा फळ्याकडे. मग स्वतः उठले, खुर्ची उचलली, फळ्याकडे पाठ करून तिच्यासमोर मांडली आणि बसले.

“हं. सांग आता.”

महादेवीनं ओढणी नीट केली.

“पयल्यापास्नं सांगतो,” ती म्हणाली.