दोन डायलिसिसच्या मधली रत्नागिरी

चाकणहून परतणारी माझ्या कंपनीची बस ट्रकांच्या रांगेत अडकली होती आणि मी रत्नागिरीतल्या हॉटेलांना फोन लावत होते. "मीठ न घालता मासा करून द्याल का?" या प्रश्नावर कुणी हसायचं, कुणी फोन ठेवून द्यायचं. एकाने सरळ सांगितलं, "मॅडम, मसाला सकाळीच वाटून ठेवलेला असतो. त्यातलं मीठ आता कसं काढू?"

माझे यजमान मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी पिंपरीत कंपनीत लागले आणि संत तुकाराम नगरातच राहिले. मी चाकणजवळच्या शेतकरी घरातली. मासा साफ करण्यापासून काटा काढण्यापर्यंत सगळं त्यांनी मला शिकवलं. दीड वर्षापूर्वी त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून मीठ बंद, पाणी मोजून, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दिवाळीनंतर एकदा ते सहज म्हणाले, "एकदा रत्नागिरीत जेवून यायला हवं." नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मला मात्र रात्रंदिवस तेच वाक्य ऐकू येत राहिलं.

डॉक्टरांनी परवानगी दिली. शनिवारचं डायलिसिस झालं की निघायचं, मंगळवारच्या आधी परत यायचं. मासा थोडा, रस्सा नाही, सोलकढी नाही. गावी चुलतभाऊ होते, पण तिथे जायचं नाही असं यांनीच ठरवलं. "ते वाढत राहतील, आणि नको म्हटलं तर अख्ख्या वाडीला आजार कळेल." माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मासं खायला एवढ्या लांब? पिंपरीत मिळत न्हाईत व्हय?"

रविवारी पहाटे वल्लभनगरच्या स्टँडवरून एसटी पकडली. कराड सोडेपर्यंत हे झोपलेच होते. आंबा घाटात जागे झाले आणि खिडकीला कपाळ टेकून बसले. ओठ कोरडे पडले होते. मी बाटली पुढे केली, तर त्यांनी बुचात ओतून घोटभर घेतलं आणि बाटली परत दिली. घाट उतरल्यावर हवा दमट झाली. मला मळमळत होतं, पाठ भरून आली होती. हे मात्र एकेका फाट्याचं नाव घेत होते.

फोनवर ठरवलेलं पहिलं हॉटेल बाजारपेठेत होतं. बाहेर नंबर लावून माणसं उभी. तासाभराने टेबल मिळालं, तेव्हा अळणी करायचा निरोप आत पोचलाच नव्हता. लालभडक सुरमई पुढे आली. हे तिच्याकडे बघत राहिले आणि नुसता भात चिवडून उठले.

संध्याकाळचं दुसरं हॉटेल शांत होतं. मालकीणबाई स्वतः टेबलाशी आल्या. "डॉक्टरांनी सांगितलंन ना, मग तसंच करू हो," म्हणाल्या. हळद, लसूण लावून वाफवलेलं पापलेट त्यांनी प्रेमाने आणलं. यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि ताट सरकवलं.

"नाही आवडलं?" मी विचारलं.

"आवडायला त्यात आहे काय?"

"मी महिनाभर फोन करतेय, अहो."

"मी सांगितलं होतं फोन करायला?"

मालकीणबाई लांब जाऊन उभ्या राहिल्या. लॉजवर आम्ही एकमेकांकडे पाठ करून पडलो. मला रडू येत नव्हतं, इतकी मी दमले होते.

सकाळी जाग आली तर हे अंघोळ करून तयार. "चल, मिरकरवाड्याला." बंदरावर होड्यांतून टोपल्या उतरत होत्या. बायका बर्फावर बांगडे रचत होत्या. हे सावकाश चालत, मध्ये थांबून दम घेत, दोन खाणावळींच्या दारातून नुसते डोकावून परत फिरले. तिसऱ्या खाणावळीत शिरले. चार टेबलं, भिंतीला पत्रा, आत तव्याचा चर्र आवाज.

"काय देऊ काका?" तव्यापाशी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं.

"एक ताट. सौंदाळे तळून, तिसऱ्यांचं सुकं, बांगड्याचं तिरफळ घातलेलं सार. सगळं मिठामसाल्याचं."

मी त्यांचा हात धरला. "अहो, डायलिसिस उद्या आहे. आज हे सगळं..."

"माझ्यासाठी कोण मागतंय? ते तुझ्यापुढे ठेवायचंय. मला थोडा भात आणि दही पुरे."

"मी एकटी खाऊ? तुमच्यासमोर?"

"दीड वर्ष माझ्यासोबत अळणी जेवतेस. मला काय कळत नाही? मी रत्नागिरीत जेवून येऊ म्हटलं, त्याला तू माझंच जेवण समजलीस."

ताट आलं, तिसऱ्या शिंपल्यांसकट वाढलेल्या. सौंदाळ्याचा काटा त्यांनीच काढला, पूर्वीसारखा, शेपटीकडून एका ओढीत. पहिला घास मला खारट लागला. माझीही जीभ मीठ विसरली होती. दुसऱ्या घासाला तिरफळाची झिणझिण जाणवली, आणि मग मी वर न बघता जेवले. बाईंनी न मागता पुन्हा सार वाढलं. वर बघितलं तेव्हा हे दहीभात संपवून माझ्याकडे बघत होते. तळलेल्या शेपटीचं नखाएवढं कुरकुरीत टोक तेवढं त्यांनी उचलून तोंडात टाकलं.

परतीची बस साताऱ्यापाशी बिघडली. दुसऱ्या बसमध्ये उभ्याने आलो. घरी पोचलो तेव्हा त्यांच्या पायांवर सूज होती आणि माझ्या अंगात त्राण नव्हतं. समुद्र नीट बघायचाही राहून गेला होता. एका जेवणासाठी एवढा जीव काढावा का, हे मी अजूनही कुणाला पटवून देऊ शकणार नाही.

मंगळवारी डायलिसिसला शेजारच्या पलंगावरच्या भाऊंनी विचारलं, "काय राव, रत्नागिरीला काय खाल्लंत?"

"मी नाही, ही जेवली," हे म्हणाले. मग हातात सुया टोचलेल्या असताना त्यांनी सौंदाळ्यांपासून सुरुवात केली. सार किती दाट होतं, तिसऱ्यांत खोबरं किती होतं, मी भात दुसऱ्यांदा कधी घेतला, सगळं सांगितलं. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. मशीन बंद झालं तरी यांचं जेवण चालूच होतं.